ताबा मिळेपर्यंत आपण पाहुणे

घर घ्यायला निघालेल्या माणसाच्या अंगात नकळत एक तोरा येतो. पैसे मी मोजणार, मग मी म्हणेन तेव्हा दार उघडायला नको का? पैसे मोजायचे असतात हे खरंच. पण ते मोजून होईपर्यंत घर दुसऱ्याचं असतं आणि बहुतेक वेळा त्यात माणसं राहत असतात. कुणाची परीक्षा असते, कुणी नुकतंच दवाखान्यातून घरी आलेलं असतं, गॅसवर कुकर असतो. अशा घरात शिरून आपण नळ सोडतो, भिंती ठोकून बघतो, कोपऱ्याकोपऱ्यात टेप लावतो.

या व्यवहारांत दोन्ही बाजूंना बसून आमची एक खात्री झाली आहे. समोरचा माणूस नीट आहे असं मालकाला एकदा वाटलं, की तो आपणहून बोलू लागतो. या खिडकीतून जोराच्या पावसात पाणी आत येतं, तो एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) अधूनमधून पडतो, वरच्यांच्या बाथरूमचं काम दोनदा झालंय. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. नीट वागण्याचा फायदा असा रोकडा असतो.

आधी आकडा, मग घर

आपल्याजवळ हातात किती आहेत, बँक किती देईल आणि किमतीवरचा वरखर्च किती येईल, या तीन ओळी कागदावर मांडल्याशिवाय पहिला फोन करू नये. वरखर्चात सरकारी शुल्क, वकील, दलाली, बँकेची प्रक्रिया फी, सामान हलवणं आणि राहायला जाण्याआधीची डागडुजी एवढं तरी धरावं लागतं. नेमकी हीच ओळ लोक विसरतात, पैसे कमी पडायला लागले की ठरलेल्या किमतीत पुन्हा घासाघीस काढतात. मालकाला ती लबाडी वाटते. बऱ्याचदा ते फक्त न केलेलं गणित असतं, पण त्याला कसं कळणार?

बँकेकडून तत्त्वतः मंजुरी आधीच घेऊन ठेवावी. मात्र ही मंजुरी माणसाला असते, घराला नसते. आपलं उत्पन्न आणि आधीची कर्जं बघून बँक अंदाज देते. घराचे कागद आणि घराची किंमत ती पुढे वेगळी तपासते. म्हणून हे पत्र दाखवून ‘आमचं कर्ज झालंय’ असं मालकाला सांगू नये. ‘तत्त्वतः मंजुरी आहे, घराची तपासणी बाकी आहे’ असंच सांगावं. मंजुरीला मुदतही असते. ती तारीख लिहून ठेवावी, नाहीतर सगळं जुळून आल्यावर पुन्हा पगाराच्या पावत्यांपासून सुरुवात करावी लागते.

एजंटला आपला खरा वरचा आकडा सांगावा का, हा वाद जुना आहे. आमचं मत सरळ आहे. एजंट विक्रेत्याचा असेल तर सांगू नये. फक्त आपला असेल तर सांगावा, नाहीतर तो भलतीच घरं दाखवत बसेल. दोन्हीकडून दलाली घेणारा असेल तर मालकाच्या कानावर गेला तरी चालेल तोच आकडा त्याला द्यावा. दलाली किती, कुणी द्यायची आणि कोणत्या टप्प्यावर द्यायची हे पहिलं घर बघण्याआधी ठरवून घ्यावं. साधा लेखी मेसेज पुरतो.

एकच घर दोन एजंटांबरोबर बघणं ही अगदी नेहमीची चूक. पुढे दोघेही दलाली मागतात आणि मधे मालक अडकतो. दुसरा एजंट आधी बघितलेल्याच घरापाशी घेऊन आला, तर फाटकापाशीच थांबून ‘हे आम्ही अमुक तारखेला बघितलंय’ म्हणावं आणि परत फिरावं. एजंटनं दाखवलेल्या घराच्या मालकाला मागाहून परस्पर गाठण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. दलाली वाचेलही. पण दिलेला शब्द हा माणूस मोडतो, हे मालकालाही त्याच वेळी कळतं आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तो हात राखून वागतो.

घर बघायला जाताना

पहिल्या भेटीला १५ ते २० मिनिटं पुरतात. दुसऱ्या भेटीला पाऊण तास ते एक तास मागून घ्यावा आणि तो का हवा ते सांगून ठेवावं. एका दिवसात तीन घरं, फार तर चार. त्यापुढे दुसऱ्या घराचं स्वयंपाकघर डोक्यात तिसऱ्या घराला जाऊन चिकटतं, आणि रात्री मालकाला फोन करून ‘तुमच्याकडे गॅलरी होती ना?’ असं विचारायची वेळ येते. उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी कळवावं. वेळ टळल्यावर कळवण्यात काही अर्थ नाही. आपण येणार म्हणून त्या घरात तासभर आवराआवर झालेली असते, कुणीतरी बाहेर जाणं लांबणीवर टाकलेलं असतं. रद्दच करायचं असेल तर आदल्या रात्री करावं.

पहिल्या खेपेला दोघांनी जावं. थोरली मंडळी, मुलं, इंजिनिअर, सुतार हे सगळे दुसऱ्या खेपेला. सहा जणांचा घोळका एका खोलीत उभा राहिला की खोली लहान दिसते, मालक आक्रसतो आणि नीट कुणीच काही बघत नाही. मुलं बरोबर असलीच तर एका मोठ्या माणसानं फक्त त्यांच्याकडे बघावं.

आत गेल्यावरचा नियम एकच. उघडं होतं ते उघडं ठेवावं, बंद होतं ते बंद. बंद खोलीमागे मांजर असू शकतं, झोपलेलं बाळ असू शकतं. भिंतीत बसवलेली कपाटं घराबरोबर येणार असतील तर विचारून उघडावीत. सुटी कपाटं, फ्रिज, ड्रॉवर यांना हात लावू नये. फोटो काढण्याआधी विचारावं, आणि परवानगी मिळाली तरी भिंतीवरचे घरचे फोटो, टेबलावरची औषधं, पत्ते दिसणारी पाकिटं चौकटीत येऊ देऊ नयेत. नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या बेडरूमचा व्हिडिओ टाकणं हे तर कुठल्याच अंगानं शोभत नाही.

आणि घरात उभं राहून किमतीबद्दल आपापसात कुजबुजू नये. दारावरच्या बेलमध्ये कॅमेरा आणि माइक असू शकतो, आतही कधी कधी असतो. ‘आणखी वर गेलो तरी चालेल’ हे वाक्य जिन्यात बोलणारे लोक नंतर भाव का उतरत नाही म्हणून चकित होतात. रस्त्यावर येऊन, गाडीत बसून बोलावं.

नावं ठेवणं हा आणखी एक गैरसमज. घराला नावं ठेवली की किंमत उतरते, असं पुष्कळांना वाटतं. ज्या ओट्यावर एखाद्या बाईनं वीस वर्षं स्वयंपाक केला, त्याच्याकडे बोट दाखवून ‘हे आधी तोडून टाकायला लागेल’ म्हटल्यानं किंमत कशाला उतरेल? माणूस फक्त दुखावतो आणि अडून बसतो. उलट तोंडभरून कौतुकही नको, आपली गरज उघडी पडते. ‘उजेड छान आहे’ एवढं म्हणावं आणि टेप काढावी.

हात लावण्याआधी विचारावं

दुसरी भेट तपासणीची. ती संकोचून अर्धवट करणं चूक, आणि न विचारता सुरू करणं त्याहून मोठी चूक. घर बघणाऱ्याला पाणी, वीज, भिंती बघायच्याच असतात हे मालकालाही माहीत असतं. त्याला फक्त आधी कळायला हवं असतं.

पाण्यापासून सुरुवात करावी. ‘ताई, दोन नळ एकदम सोडून बघू का?’ एवढं विचारून स्वयंपाकघरातला नळ आणि बाथरूमचा शॉवर एकाच वेळी सोडावा. एकटा नळ नेहमीच बरा वाटतो, दुसरा सोडल्यावर पहिल्याची धार किती बारीक होते ते बघायचं असतं. मग २० लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावावं. २ मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर. ४ मिनिटं लागली तर ५ लिटर, म्हणजे अंघोळीच्या घाईत भांडणं ठरलेली. भरलेली बादली ओतून देऊ नये, कुठे ठेवू म्हणून विचारावं.

फ्लशची टाकी गळते का हे बघायला टाकीत खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाकून १५ ते २० मिनिटं फ्लश न करता थांबावं. भांड्यात रंग उतरला तर टाकीतला रबरी वॉशर गेलेला आहे. दुरुस्ती क्षुल्लक असते, पण पाणी महिनोन् महिने वाया गेलेलं असतं. एवढा वेळ संडास बंद राहणार हे घरच्यांना आधी सांगावं लागतं. ते न सांगता रंग टाकून ठेवला की व्हायचा तो घोटाळा होतोच.

विजेची तपासणी जरा नाजूक. घरातले सगळे दिवे, पंखे, यंत्रं बंद करायची, मेन स्विच चालूच ठेवायचा आणि मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघायचं. लुकलुकणं थांबायला हवं. काही मीटरमध्ये लोड नसताना तो दिवा सतत पेटून राहतो, त्याला घाबरू नये. मीटरवर एका युनिटला किती लुकलुकाट ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे, आणि सगळं बंद असताना मिनिटाला एकदा दिवा लुकलुकतोय. म्हणजे तासाला ६० वेळा, आणि ६० भागिले ३२०० केलं की तासाला ०.०१९ युनिट, म्हणजे जवळजवळ १९ वॅट. एवढी वीज राउटर आणि स्टँडबायवरची यंत्रं मिळूनही खातात, तेव्हा आधी प्लग काढून बघावेत. सगळं काढूनही दिवा भराभर लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवर दुसरं कुणीतरी जोडलेलं आहे. आपण तिथेच निष्कर्ष काढू नये, इलेक्ट्रिशियनला बघू द्यावं.

या तपासणीसाठी फ्रिजही बंद करावा लागतो. त्यात कुणाचं इन्सुलिन असू शकतं, आतल्या खोलीत कुणी कॉम्प्युटरवर काम करत असू शकतं. म्हणून परस्पर एकही बटण दाबायचं नाही. मालकाला सांगून, त्यानंच बंद केलेलं बरं. आणि निघण्याआधी फ्रिज चालू करून, दार उघडून आतला दिवा लागलेला त्याला दाखवून मगच पुढे सरकायचं. तपासणीला आलेल्यांमुळे फ्रिज रात्रभर बंद राहिला, तर त्या घराशी पुढचं बोलणं अवघड होतं.

भिंतींना हात लावायला कुणी हरकत घेत नाही, फक्त नखानं पोपडे काढत बसू नये. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा ओला पट्टा, त्यावर पांढरी क्षाराची पूड, हे खालून चढणाऱ्या ओलीचं लक्षण. छताच्या कोपऱ्यातला डाग वरून येणाऱ्या पाण्याचा. एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकी खोली जुनी असेल तर ‘इथे काय झालं होतं?’ असं साध्या आवाजात विचारावं. आरोपाचा सूर लागला की उत्तर बदलतं. शंका राहिलीच तर अर्धा मीटर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून एक दिवस ठेवता येतं. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीत आहे. पण चिकटपट्टी काढताना रंग निघू शकतो हे आधी सांगून परवानगी घ्यावी. नाही म्हणाले तर विषय सोडावा, इंजिनिअरच्या यंत्रानं तेच कळतं.

भेगेसाठी खिशातलं बँकेचं कार्ड चालतं. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. कार्डाची कड आत जात नाही अशा बारीक रेषा बहुधा गिलाव्याच्या असतात, रंगाखाली झाकल्या जातात. कड सहज आत गेली, भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढत असली, किंवा तीच भेग भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही दिसली, तर इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नये. फरशी नाण्यानं हलकेच ठोकून बघता येते. घट्ट बसलेली टाइल दबका, तुटक आवाज देते आणि खालून सुटलेली डब्यासारखी पोकळ वाजते. दुपारच्या वेळी खालच्या मजल्यावर कुणी झोपलेलं असेल एवढं भान ठेवून दहा-बारा ठिकाणी ठोकलं की पुरे.

मापं घेताना वाद होतो तो क्षेत्रफळाचा. मालकानं सांगितलेला आकडा आणि आपली टेप जुळत नाही, आणि लगेच ‘तुम्ही जास्त सांगितलंत’ असं तोंडून निघून जातं. आधी विचारावं, हा आकडा कशाचा? भिंतींच्या आतला, भिंतींसकट, की जिना आणि सामाईक जागेचा वाटा धरून? तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. आपला हिशेब असा: खोली ३.६ मीटर बाय ३ मीटर असेल तर १०.८ चौरस मीटर, आणि १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून ११६ चौरस फूट. सगळ्या खोल्यांची अशी बेरीज करून, घरी बसून तुलना करावी. फ्रिजची आणि वॉशिंग मशीनची जागा वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजावी, कारण भिंती समांतर असतातच असं नाही. आपल्या फर्निचरची मापं लिहून न्यावीत. म्हणजे ‘पलंगाचं माप घ्यायला पुन्हा येतो’ असा फोन करावा लागत नाही.

‘का विकताय?’ हा प्रश्न एकदाच विचारावा आणि मिळेल ते उत्तर घ्यावं. त्यामागे घटस्फोट असतो, देणं असतं, कुणाचं जाणं असतं. कामाचे प्रश्न वेगळे: शेवटची दुरुस्ती कधी आणि कशाची झाली, गेल्या वर्षाची वीज-पाण्याची बिलं बघता येतील का, पंखे, गीझर, पडद्याच्या दांड्या यातलं काय राहणार आणि काय जाणार. शेजाऱ्यांना पाणी, आवाज, गाड्या लावायची जागा याबद्दल विचारायला हरकत नाही. किंमत काय ठरतेय ते मात्र त्यांच्यापाशी बोलू नये.

घर पसंत नसेल तर दुसऱ्या दिवशी कळवून टाकावं. ‘घर चांगलं आहे, पण आम्हाला तिसरी खोली हवी होती’ एवढं पुरतं. ‘कळवतो’ म्हणून गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मालक आठवडाभर दुसऱ्याला थांबवून ठेवतो. आणि पुढे तीच तिसरी खोली असलेलं घर एजंटकडे आलं, तर तो पहिला फोन स्पष्ट नकार देणाऱ्याला करतो.

आकडा सांगताना

तोंडी भाव सांगून बाजूला होणं सोपं असतं, म्हणूनच मालक त्याला किंमत देत नाही. लेखी सांगावं: रक्कम, त्यातले स्वतःचे किती आणि कर्जाचे किती, विसार किती आणि कधी, ताबा कोणत्या तारखेला हवा, घरात काय राहिलं पाहिजे, कोणत्या अटीवर आपण मागे हटू शकतो, आणि हा आकडा किती तास लागू आहे. ४८ ते ७२ तास हा माणुसकीचा अवधी आहे. रात्री दहाला ‘आत्ता टोकन देतो, आत्ताच हो म्हणा’ म्हणणाऱ्याबद्दल समजूतदार मालकाला उलट शंकाच येते.

कमी आकडा सांगणं हा अपमान नाही, आधार न देता सांगणं हा आहे. त्याच इमारतीतला किंवा रस्त्यावरचा अलीकडचा नोंदवलेला व्यवहार आणि दुरुस्तीचं कुणा कारागिराकडून घेतलेलं लेखी अंदाजपत्रक, या दोन कागदांवर बोलावं. दोन-तीन फेऱ्यांत जमलं तर जमलं. एकाच वेळी दोन घरांना होकार देऊन ठेवू नये. विसार पावतीशिवाय देऊ नये, आणि व्यवहार कुणामुळे मोडला तर ती रक्कम कुणाची, हे पावतीवरच लिहून घ्यावं. पैसे दिल्यावर हा प्रश्न काढला की त्याचंच भांडण होतं.

कागद मागताना एकच पूर्ण यादी द्यावी. आज हा कागद, परवा तो, असं दहा वेळा मागणं म्हणजे मालकाला कपाटापुढे उभंच करून ठेवणं. आपला वकील सगळं तपासणार हेही सुरुवातीलाच सांगून टाकावं, म्हणजे त्यात अविश्वास दिसत नाही. मिळालेल्या प्रतींवर ‘फक्त या घराच्या खरेदीसाठी’ असं तारखेसह लिहून घेतलं तर मालकालाही धीर येतो. आणि त्या प्रती एजंट, बँक, वकील यांच्यापलीकडे जाऊ देऊ नयेत.

ठरल्यावर पुन्हा उकरून काढणं

शिष्टाचार सगळ्यांत जास्त मोडतो तो इथे. किंमत ठरते, इंजिनिअरची तपासणी होते, अहवाल येतो. चांगला अहवाल कोणत्याही घरात तीस-चाळीस बारीकसारीक गोष्टी काढतोच, ते त्याचं कामच आहे. तो अख्खा मालकाच्या हाती देऊन ‘बघा काय निघालंय’ म्हणणं बालिश आहे. अहवालाचे तीन भाग करावेत. जिवाला किंवा इमारतीला धोका: वायरिंग, कॉलममधलं गंजलेलं लोखंड, गॅसची गळती. पाणी आणि ओल. आणि तिसरं, दिसण्याचं: रंग, खिळ्यांची भोकं, हलणारं हँडल. तिसरा भाग आपल्यापाशी ठेवावा. पहिल्या दोन्हींतलंही भेटीतच डोळ्यांना दिसत होतं ते मागू नये, कारण ठरलेल्या किमतीत ते धरलेलंच होतं.

उरलेल्यासाठी अंदाजपत्रक जोडून एकदाच मागणी करावी. दुरुस्ती करून द्या किंवा किमतीत तेवढे कमी करा, दोन्ही नाही. आम्ही जवळजवळ नेहमी किंमत कमी करून घेण्याच्या बाजूचे. घर सोडून जाणारा माणूस दुरुस्ती करतो ती स्वस्तातल्या स्वस्त कारागिराकडून, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असंही नाही. आपण राहायला आल्यावर स्वतः उभं राहून करून घेतलेलं काम टिकतं.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी, मालकाचा ट्रक ठरलेला आहे आणि त्यानं पुढच्या घराचे पैसे भरलेत हे बघून किंमत खाली ओढणारेही असतात. तो नाइलाजानं हो म्हणेलही. मग ताबा घ्यायला गेल्यावर दिवे काढून नेलेले असतात, गॅलरीच्या दाराची किल्ली सापडत नाही आणि जुन्या प्लंबरचा नंबर कुणालाच आठवत नाही.

बँकेच्या मूल्यांकनामुळे येणारी अडचण मात्र खरी असते आणि ती लपवू नये. बँक सहसा ठरलेली किंमत आणि तिच्या माणसानं काढलेली किंमत यातली जी कमी, तिच्यावर टक्केवारी लावते. ठरलेली किंमत १०० धरली, बँक ८० टक्के देणार म्हटली, तर आपल्याला २० उभे करायचे होते. मूल्यांकन ९२ आलं तर कर्ज मिळतं ७३.६ आणि आपल्याला लागतात २६.४. हा ६.४ चा खड्डा कुठून भरणार ते आधीच ठरवलेलं असावं. नसेल तर मूल्यांकन कळलं त्याच दिवशी मालकाला आकड्यासकट सांगावं. दोन आठवडे ‘बँकेत चाललंय’ म्हणत काढणाऱ्याला नंतर कुणी सवलत देत नाही. मूल्यांकनाला येणाऱ्या माणसासाठी मालकाला घरी थांबावं लागतं, तेव्हा ती वेळ आपण पक्की करून द्यावी.

मंजुरी आणि पैसे हातात येणं यांच्यामधल्या काळात नवी गाडी, हप्त्यावरचं फर्निचर, नोकरी बदलणं, कुणाला जामीन राहणं टाळावं. पैसे सोडण्याआधी बँक पुन्हा आपली कर्जं तपासू शकते. तारीख पुढे जाणारच असेल तर कळताच फोन करावा आणि नवी तारीख द्यावी. ‘दोन-चार दिवस’ ही तारीख नव्हे. त्या दोन-चार दिवसांत त्याचं सामान बांधलेलं असतं आणि मुलं खोक्यांमधून वाट काढत जेवायला बसतात.

किल्ली

ताब्याआधी सुताराला घेऊन मापं घ्यायला एक भेट मागावी, एक तासाची. परस्पर रंगारी पाठवणं, नवं सोफासेट त्यांच्या दारात उतरवून घेणं हे अर्थातच नाही.

शेवटची फेरी सामान निघाल्यावर आणि पूर्ण पैसे देण्याआधी मारावी. कपाटामागची भिंत पहिल्यांदा तेव्हाच दिसते. ठरलेल्या वस्तूंची यादी हातात धरून एकेक बघावी, प्रत्येक नळ आणि दिवा चालू करावा, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दोघांसमोर फोटोत घ्यावेत, किल्ल्या मोजून घ्याव्यात. पलंग सरकवताना फरशीवर उठलेला ओरखडा सोडून द्यावा. सामान नेताना फुटलेलं बेसिन मात्र तिथेच, शांतपणे, दाखवून द्यावं. एमसीबी कुठला कशाचा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे, गीझरचं वॉरंटी कार्ड, प्लंबरचा नंबर, हे सगळं याच वेळी विचारून लिहून घ्यावं. कुलूप मात्र त्याच दिवशी बदलावं. त्यात मालकावर अविश्वास नसतो, जुन्या किल्ल्या आणखी कुणाकुणाकडे आहेत ते त्यालाही आठवत नसतं.

राहायला गेल्यावर अडचणी येतातच. प्रत्येकीला फोन न करता आठवडाभर त्या लिहून ठेवाव्यात आणि एकदाच, जुन्या मालकाच्या सोयीची वेळ विचारून, बोलावं. त्याच्या नावानं येणारी पत्रं एका पाकिटात साठवावीत. बँकेचं किंवा करखात्याचं पाकीट दिसलं तर त्याच दिवशी वरचा फोटो काढून त्याला पाठवावा. पाकीट फोडू नये.